वापरलेल्या गिटारचे वर्णन : विशेषणे आणि कसोट्या

१

आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी एक वापरलेली गिटार विकत घेतली. विद्यार्थी मुरबाड तालुक्यातील. घरी भातशेती, आणि वाद्यासाठी लागणारी रक्कम शिकवण्या करून वर्षभरात साठवलेली. गिटार एका मोठ्या दुकानाच्या यादीतून, छायाचित्र पाहून व पैसे आगाऊ भरून मागवली होती. यादीत तिच्या नावापुढे 'उत्तम स्थिती' असे दोन शब्द होते. वाद्य घरी आले तेव्हा त्याचे रंगकाम खरोखर उत्तम होते. अंगावर एक ओरखडाही नव्हता. परंतु मान पुढे वाकलेली होती आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच राहिल्या होत्या, की पाचव्या पडद्यापुढे तार दाबणे नवशिक्याच्या बोटांना अशक्यच होते. तक्रार केली असता उत्तर आले, की स्थितीदर्शक शब्द हा वाद्याच्या बाह्य स्वरूपाला उद्देशून आहे. वाद्य परत घेतले गेले, पण परतीचे वाहतूकभाडे विद्यार्थ्यालाच सोसावे लागले.

ह्या व्यवहारात कोणी उघड खोटे बोलले असे म्हणता येत नाही. विक्रेत्याने 'उत्तम' हा शब्द एका अर्थाने वापरला आणि ग्राहकाने तो दुसऱ्या अर्थाने घेतला. असा घोटाळा भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. नवे इतकेच, की येथे अर्थभेदाची किंमत रुपयांत मोजावी लागली. वापरलेली गिटार मोठ्या दुकानांतून विकत घेताना स्थितिवाचक शब्द कसे काम करतात, ते कोठे अपुरे पडतात, आणि त्यांच्या जागी खरेदीदाराने कोणते शब्द मागावेत, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

२

प्रथम ह्या व्यापाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. अनेक शाखांच्या साखळी दुकानांतून जुन्या गिटारींची विक्री हा प्रकार मुख्यत्वे अमेरिकेत वाढला. तेथील 'गिटार सेंटर' हे दुकान १९५९ साली हॉलिवूडमध्ये ऑर्गनविक्रीचे दुकान म्हणून सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. २०२० च्या नोव्हेंबरात त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला व त्याच वर्षअखेर ते त्यातून सावरले. 'सॅम ॲश' ही १९२४ साली ब्रुकलिनमध्ये स्थापन झालेली दुसरी साखळी मात्र शंभर वर्षे पूर्ण होताच, २०२४ मध्ये, आपली सर्व दुकाने बंद करती झाली. अशा दुकानांची पद्धत सामान्यतः अशी असते : एखादा वादक आपली जुनी गिटार जवळच्या शाखेत विकतो किंवा नव्या गिटारच्या किमतीत वळती करून देतो, शाखेतील माणूस ती पुसून, पाहून, तिची प्रत ठरवतो, छायाचित्रे व दोन-तीन शब्दांचे वर्णन सामाईक यादीत चढते, आणि शेकडो मैलांवरचा ग्राहक ती यादीवरून मागवतो.

आपल्याकडे मोठ्या वाद्यदुकानांचा भर नव्या वाद्यांवर असतो. मुंबईत १८६५ पासून चालत आलेले व आता अनेक शहरांत शाखा असलेले 'फुर्टाडोज' हे त्यांतील प्रसिद्ध नाव. वापरलेल्या वाद्यांची उलाढाल पुष्कळशी व्यक्तीव्यक्तींमध्ये किंवा दुरुस्तीच्या छोट्या दुकानांतून होते. तथापि यादी पाहून, प्रत वाचून, घरबसल्या जुने वाद्य मागवण्याची रीत आता येथेही रुळली आहे, आणि तिच्याबरोबर तिचे शब्दही आले आहेत.

शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांना ही रीत विशेष सोयीची वाटते, ह्याचे कारण भौगोलिक आहे. शहापूरकराला निदान आसनगावहून लोकलगाडी मिळते व एका दिवसात दादरला जाऊन परत येता येते. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणपर्यंत रस्त्याने यायचे आणि पुढे गाडी धरायची. धसई किंवा टोकावड्याकडील मुलाने एक गिटार हाताळून पाहण्यासाठी मुंबई गाठायची म्हणजे दिवस मोडतो, आणि ती पसंत पडली नाही तर भाडेही वाया जाते. त्यामुळे वर्णनावर विसंबण्याची गरज जेथे सर्वांत अधिक, तेथेच वर्णन पडताळण्याची सोय सर्वांत कमी, अशी स्थिती आहे.

३

स्थितिवाचक शब्दांचा मुख्य दोष त्यांच्या जातीतच आहे. 'उत्तम', 'चांगली', 'बरी' ही तरतमवाचक विशेषणे होत. एडवर्ड सपीर ह्यांच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रेणीकरणविषयक निबंधात त्यांनी दाखवून दिले, की अशा शब्दांच्या मुळाशी नेहमी तुलना असते. ती तुलना बोलून दाखवली नाही म्हणजे शब्द निरपेक्ष असल्याचा भास तेवढा होतो. 'चांगली गिटार' म्हणजे कशाच्या तुलनेत चांगली? नव्या गिटारच्या, त्याच वयाच्या इतर गिटारींच्या, की त्या दिवशी दुकानात आलेल्या जिनसांच्या? यादी हे सांगत नाही. शिवाय चांगली कोणत्या बाबतीत, रंगात, लाकडात, सुरात की वाजवण्याच्या सोयीत, हेही ती सांगत नाही. आमच्या विद्यार्थ्याचे नुकसान झाले ते ह्या दुसऱ्या मौनामुळे.

ह्यात आणखी एक भर पडते. विक्रीच्या यादीत श्रेणीचे शब्द वरच्या बाजूला सरकलेले असतात. पाच पायऱ्यांपैकी वरच्या तीन पायऱ्या स्तुतीच्या असतील तर 'चांगली' हा शब्द मधल्या किंवा त्याहूनही खालच्या पायरीवर येतो. आपल्या परीक्षांतील शेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. यादीत 'चांगली' वाचणारा नवखा ग्राहक तो शब्द रोजच्या बोलण्यातल्या अर्थाने घेतो. सरावलेला ग्राहक त्याला 'खपवून घेण्याजोगी' असे मनात भाषांतरित करतो.

'मिंट' ह्या शब्दाची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. तो नाण्यांच्या व्यापारातून आला. टाकसाळीतून निघाल्यावर जे नाणे चलनात फिरलेच नाही त्याची स्थिती, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे 'टाकसाळी' हे विशेषण त्याच कल्पनेवर उभे आहे. नाण्याच्या बाबतीत ह्या शब्दाला कसोटी आहे, कारण चलनात फिरल्याची झीज भिंगाखाली दिसते. गिटारच्या बाबतीत कसोटी गळून पडते आणि केवळ चकाकी शिल्लक राहते. न वापरता दहा वर्षे माळ्यावर उभी ठेवलेली गिटार ह्या अर्थाने 'मिंट' असेल. पण तारांच्या ताणाखाली तिची मान दहा वर्षे वाकत आलेली असेल.

मराठी बोलण्यातील 'सेकंडमध्ये घेतली' हा प्रयोगही लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ शब्दात 'दुसरा हात' आहे. परंतु तिसऱ्या, चौथ्या किंवा सातव्या हाती गेलेली वस्तूही 'सेकंड'च म्हटली जाते. संख्यावाचक शब्दाने आपली संख्या टाकून दिली आहे. वस्तू किती हातांतून गेली, ही खरेदीदाराला हवी असलेली माहिती नेमकी त्यातच लपते.

अर्थशास्त्राने ह्या स्थितीचा परिणाम दाखवून दिला आहे. जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन असे मांडले, की वस्तूचा गुण विक्रेत्याला ठाऊक व ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी वस्तूची किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या वस्तूच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईट माल उरतो. म्हणजे निरर्थक झालेल्या विशेषणाची झळ प्रामाणिक विक्रेत्यालाही लागते. त्याची 'उत्तम' गिटार आणि दुसऱ्याची 'उत्तम' गिटार ह्यांत शब्दांनी भेद करता येत नाही.

४

जुन्या मालाच्या विक्रीची भाषा नेहमी अशीच असते काय? त्याचे उत्तर ह्याच परिसरात मिळते. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून जी यात्रा भरते ती गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल हा देखील एका अर्थी वापरलेला माल आहे : त्याचे पूर्वायुष्य विक्रेत्याला ठाऊक, ग्राहकाला अज्ञात. परंतु गुरांच्या बाजाराची शब्दसंपत्ती पाहावी. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, मग सहादाती, आणि आठही दात पुरे झाले की जुळलेला. गाईच्या बाबतीत पहिलारू, दुसऱ्या वेताची, तिसऱ्या वेताची अशी मोजणी होते. 'सेकंड'ने जी संख्या गमावली ती 'वेता'ने जपली आहे.

ह्या शब्दांचे दोन विशेष आहेत. पहिला असा, की त्यांत स्तुती नाही. 'चौसा' म्हणजे चांगला नव्हे आणि वाईटही नव्हे. चांगला-वाईट हा निष्कर्ष ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे काढायचा. दुसरा असा, की प्रत्येक शब्दाच्या पोटात त्याची कसोटी आहे. चौसा म्हटलेल्या बैलाचा खालचा ओठ खाली ओढून कोणालाही दात मोजता येतात. विक्रेता आणि ग्राहक ह्या दोघांनाही तीच कसोटी उपलब्ध असल्यामुळे त्या शब्दाविषयी वाद फार वेळ टिकत नाही.

अर्थात गुरांच्या बाजारात फसवणूक होत नाही असे मला सुचवावयाचे नाही. दात जुळल्यानंतर वय सांगणारे शब्द सैल होत जातात, आणि 'खोड' ही दातांत दिसत नाही. ती नांगराला जुंपल्यावरच कळते. म्हणूनच जाणते लोक बैल चालवून, जुंपून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाहीत. तेथे हातांवर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी चाल आहे. किंमत झाकलेली आणि माल उघडा, असा तो व्यवहार. यादीवरच्या विक्रीत नेमके उलट घडते : किंमत सर्वांना दिसते, माल मात्र ग्राहकाच्या हाती पैसे दिल्यानंतर येतो.

भजनी मंडळे जुनी पेटी घेतात तेव्हाही कसोटीचीच भाषा चालते. भाता भरून, एकही पट्टी न दाबता तो किती वेळ तग धरतो ते पाहतात. लगेच बसला तर हवा गळते हे सिद्ध होते. 'पेटी चांगली आहे' ह्या वाक्याला तेथे फारसे मोल नसते. 'भाता धरतो' ह्या वाक्याला असते.

५

गिटारसाठी अशीच कसोटीची भाषा तयार करणे अवघड नाही. तिचे अवयव तंतुवाद्यांच्या परिचित नावांनी सांगता येतात : मान, पडदे, घोडी, खुंट्या, तारा. त्यांच्या कसोट्या पुढीलप्रमाणे होत.

मान. लोखंडी तारांच्या साध्या गिटारवर सहा तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो, आणि तो मानेला सतत पुढे ओढतो. तो सावरण्यासाठी मानेच्या आत पोलादी सळई बसवण्याची पद्धत गिब्सन कारखान्याने १९२० नंतरच्या दशकात रूढ केली. तपासणी सोपी आहे. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जेथे धडाला मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळी दाबावी. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टीच. सातव्या पडद्याजवळ तार व पडदा ह्यांत अगदी बारीक फट असावी, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. साधे भेटपत्र त्या फटीत सैल फिरत असेल तर मान वाकली आहे. मग सळईची चावी फिरते की गंजून बसली आहे, हा पुढचा प्रश्न. ती फिरत असेल तर दोष दुरुस्त होण्याजोगा असू शकतो.

तारांची उंची. बाराव्या पडद्यावर जाड तारेखालील अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजावे. लोखंडी तारांच्या गिटारला ते २ ते २.५ मिलिमीटर असणे सोयीचे. नायलॉनच्या तारांना ३.५ ते ४ चालते.

सूर. बारावा पडदा तारेच्या निम्म्या लांबीवर असतो आणि तेथे कंपनसंख्या दुप्पट होते. सर्वांत जाड तार मोकळी असता सेकंदाला सुमारे ८२.४ कंपने देते, ती तेथे १६४.८ देईल. त्या जागी तार नुसती स्पर्शून छेडावी आणि मग दाबून छेडावी. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर तारांची उंची किंवा घोडीची जागा चुकली आहे.

घोडी. धड आणि घोडी ह्यांच्या सांध्यात कागदाची कड सरकत असेल तर डिंक सुटला आहे. घोडीमागचे लाकूड फुगून वर आले आहे काय, हेही आडव्या नजरेने पाहावे.

पडदे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवावी. खरखर कोठे येते ते पडद्याचा क्रमांक सांगून नोंदवावे. तारांखाली पडद्यांवर खाचा पडल्या असतील तर वाद्य पुष्कळ वाजलेले आहे, रंगकाम काहीही सांगो.

विजेवर चालणारी गिटार असेल तर ती ध्वनिवर्धकाला जोडून प्रत्येक बटण फिरवून पाहावे; तुटक आवाज येतो काय हे तेव्हाच कळते.

येथे हवामानाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते असे कारागीर धरून चालतात. शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात हवा ह्यापेक्षा कितीतरी दमट असते. कोरड्या गावाहून आलेली गिटार जुलै महिन्यात येथे पोचली, तर पुढचे लाकूड फुगून तारा आणखी उंच होतात. म्हणून विक्रेत्याने दिलेले माप कोणत्या ऋतूतले आणि कोणत्या गावचे, हेही विचारावे. शक्य असेल तर खरेदी पावसाळा संपल्यावर करावी.

६

आता मुख्य प्रश्न असा, की वाद्य हाती नसताना ह्या कसोट्यांचा उपयोग काय? उपयोग असा, की त्या प्रश्नांच्या रूपाने विक्रेत्याकडे पाठवता येतात. 'मान कशी आहे?' ह्या प्रश्नाला 'छान आहे' हे उत्तर येणारच. 'सातव्या पडद्याजवळ फट किती? बाराव्या पडद्यावर अंतर किती मिलिमीटर? सळई दोन्ही बाजूंना फिरते काय? पूर्वी कोणती दुरुस्ती झाली? तुमच्याकडे येण्यापूर्वी वाद्य किती मालकांकडे होते?' ह्या प्रश्नांना विशेषणाने उत्तर देता येत नाही. मोठ्या दुकानात दुरुस्तीचा कारागीर सहसा असतो; त्याला ही मापे घेण्यास थोडाच वेळ लागतो.

ही उत्तरे लेखी घेणे महत्त्वाचे आहे, आणि त्याचे कारण कायद्याच्या भाषेत आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट करारात अध्याहृत असते. परंतु विक्रेत्याची मोघम स्तुती ही हमी मानली जात नाही, हे करारविषयक कायद्यातील रुळलेले तत्त्व आहे. 'उत्तम' हा शब्द स्तुतीत जमा होण्याचा धोका आहे. 'बाराव्या पडद्यावर २.५ मिलिमीटर' हे वर्णन आहे आणि ते जुळते की नाही हे पट्टी सांगू शकते. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द पावतीवर असतील तर विशेष सावध राहावे. हा वाक्प्रयोग आधीच्या सर्व विशेषणांचे वजन काढून घेण्यासाठीच योजलेला असतो. उलट प्रत्यक्ष दुकानात जाऊन वाद्य पाहणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे, की कलम १६ प्रमाणे, तपासणीत दिसायला हवा होता असा दोष मालाच्या विक्रीयोग्यतेविरुद्ध मागाहून पुढे करता येत नाही. अर्धवट तपासणी काही वेळा न केलेल्या तपासणीपेक्षा महाग पडते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यान्वये ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे शहापूर किंवा मुरबाडच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. साखळी दुकानातून घेण्याचा खरा लाभ येथेच आहे : पावती असते, परतीची मुदत असते, आणि पत्ता बदलत नाही. व्यक्तीकडून घेतलेली गिटार स्वस्त पडते, पण तेथे तपासणी हीच एकमेव हमी होय. मात्र परतीची मुदत किती दिवसांची, ती पाठवल्या दिवसापासून की पोचल्या दिवसापासून, आणि परतीचे भाडे कोणी द्यावयाचे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. वाद्य पोचताच त्याच दिवशी वरील कसोट्या लावाव्यात आणि मूळ खोके फेकू नये.

७

शब्दार्थाचा विचार करताना आपण उदाहरणे बहुधा ग्रंथांतून घेतो. बाजारातील शब्दांकडे त्या दृष्टीने पाहिले असता असे दिसते, की जेथे दोन्ही पक्ष माल हाताळू शकतात तेथे भाषा कसोटीचे शब्द घडवते, आणि जेथे एकच पक्ष हाताळू शकतो तेथे ती विशेषणांवर भागवते. म्हसाच्या बाजारातील दातांचे शब्द आणि यादीतील स्थितीचे शब्द ह्यांतील अंतर हे ग्रामीण व नागर बोलीतील अंतर नाही. ते तपासता येणे व न येणे ह्यांतील अंतर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी ह्या दोन तालुक्यांतील बेंजो-मंडळे, भजनी मंडळे व दुरुस्तीचे कारागीर ह्यांच्याकडून जुन्या वाद्यांच्या दोषांसाठी वापरले जाणारे शब्द गोळा केले, तर अर्थविचाराला नवी सामग्री मिळेल आणि पुढच्या खरेदीदारालाही तिचा उपयोग होईल.

आमच्या विद्यार्थ्याने काही महिन्यांनी दुसरी गिटार घेतली. ह्या वेळी त्याने पाच प्रश्न लिहून तीन विक्रेत्यांना पाठवले. एकाने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने सर्व प्रश्नांना मिळून 'एकदम मस्त' असे एकच उत्तर दिले. तिसऱ्याने चार प्रश्नांची मापे पाठवली आणि पाचव्यापुढे, म्हणजे पूर्वीच्या मालकांच्या संख्येपुढे, 'माहीत नाही' असे लिहिले. त्याने तिसऱ्याकडून गिटार घेतली. तिच्या अंगावर दोन मोठे ओरखडे आहेत आणि यादीत तिची प्रत 'बरी' अशी होती.